तीन महिन्यांची सुई आणि माझा टॅक्स

"ज्याला मूल नको त्यानं आपली काळजी आपण घ्यावी. त्यासाठी आमच्या टॅक्सचे पैसे कशाला?"

हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. मी कर सल्लागार आहे. ठाण्याच्या नौपाड्यात माझं छोटं ऑफिस आहे आणि जुलै महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर पगारातून परस्पर कापला गेलेला टॅक्स माणसाला त्या महिन्यात एकरकमी दिसतो. तो आकडा बघितला की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. फुकट धान्य, फुकट प्रवास, बायकांच्या खात्यात जमा होणारे पैसे. आणि मग आवाज जरा खाली घेऊन सरकारी दवाखान्यातले निरोध, गोळ्या, तांबी.

बोलणारी माणसं दुष्ट नसतात, हे आधी सांगायला हवं. बहुतेकांनी आयुष्यभर काटकसर केलेली असते, टॅक्स वेळेवर भरलेला असतो, एका किंवा दोन मुलांवर थांबलेले असतात. जबाबदारीनं वागणं त्यांनी करून दाखवलेलं असतं. तेव्हा "तुम्हाला गरिबाचं दुःख कळत नाही" असं म्हणून त्यांना गप्प बसवणं मला पटत नाही. त्यांचा प्रश्न खरा आहे. जबाबदारी मलाही प्रिय आहे. पण ती घ्यायची तर हातात साधन असावं लागतं आणि ते साधन हातात देण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तितकंच स्पष्ट मत असंही आहे की पैसे आपण दिले म्हणून त्या बाईच्या शरीराबद्दल ठरवायचा हक्क आपल्याकडे येत नाही.

आधी हिशेबाचं बोलते, कारण तो माझा प्रांत आहे.

"आमचा टॅक्स" म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर फक्त इन्कम टॅक्स असतो. पण वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा सिक्युरिटी गार्डही दर महिन्याला व्यवसाय कर भरतो. दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. त्याची बायको मोबाइलला रिचार्ज मारते, त्यावर 18 टक्के जीएसटी जातो आणि तो तिला कुठल्याच रिटर्नमध्ये परत मागता येत नाही. त्या व्यवसाय कराचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1975 साली महाराष्ट्रानं तो लावला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदारानं दरमहा थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून दुष्काळी गावातल्या माणसाच्या हाताला काम मिळायचं. "ज्याला काम हवं त्यानं आपलं आपण शोधावं" असं तेव्हाही म्हणता आलं असतं. आपल्या राज्यानं तसं म्हटलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आणि सरकारकडून आपण काही घेत नाही असं मानणाऱ्यांचे कागदही माझ्याच टेबलावर असतात. जुन्या पद्धतीनं रिटर्न भरणाऱ्याला इन्कम टॅक्सच्या 80सी कलमाखाली मुलांच्या शाळेची फी वजा मिळते, तीही दोनच मुलांची. मेडिक्लेमचा हप्ता वजा मिळतो. घोडबंदर रोडला टू बीएचके घेतला असेल तर कर्जाच्या व्याजापोटी दोन लाखांपर्यंत सूट मिळते. तिजोरीत न पोचलेला हा पैसाही सार्वजनिकच आहे. तो घेणाऱ्याला कुणी फुकट्या म्हणत नाही आणि म्हणूही नये. मग आरोग्य केंद्रातून गोळ्यांचं पाकीट नेणाऱ्या बाईच्याच वाट्याला तो शब्द का यावा?

माझे एक जुने क्लायंट केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. मी त्यांना काका म्हणते. एकदा हाच विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला कुणी काही दिलं होतं का? आमचं आम्ही निभावलं." त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी आणलेल्या जुन्या फायलीत पगाराच्या पावत्या होत्या. त्यातल्या एकीवर एफपीए अशी एक बारीक ओळ होती. फॅमिली प्लॅनिंग अलाउन्स. दोन-तीन मुलांनंतर नवराबायकोपैकी एकानं ऑपरेशन करून घेतलं की केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्याला दरमहा हा भत्ता द्यायचं, तो नोकरी असेपर्यंत चालू राहायचा. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै 2017 पासून तो बंद झाला. मी ती ओळ काकांना दाखवली. ते चष्मा वर करून बघत राहिले.

"हे मी विसरलोच होतो," ते म्हणाले. "पण ते आमच्या जबाबदारीबद्दल होतं ना मॅडम?"

"ऑपरेशन कुणाचं झालं होतं, काका?"

"हिचं." थोडा वेळ थांबून म्हणाले, "टाके पिकले होते तिचे. महिनाभर धड वाकता येत नव्हतं."

काकू पलीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ती पावती हातात घेऊन भत्त्याची रक्कम वाचली. आपल्या पोटावरच्या टाक्यांपोटी दरमहा काही रक्कम नवऱ्याच्या पगारात येत होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

हा वाद काही आपल्याच देशातला नाही. अमेरिकेत 1970 साली रिचर्ड निक्सन यांच्या सहीनं टायटल टेन नावाची योजना सुरू झाली. ज्यांना परवडत नाही अशा लोकांना सरकारी पैशातून गर्भनिरोधकं आणि तपासण्या मिळाव्यात, हा तिचा हेतू. निक्सन रिपब्लिकन होते आणि तेव्हा त्यात कुणाला फार वावगं वाटलं नाही. 2012 साली मात्र विम्यात गर्भनिरोधकं असावीत असं जाहीरपणे सांगणाऱ्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीला रेडिओवरून अतिशय घाणेरडी नावं ठेवली गेली. "तुमच्या मजेचा खर्च आम्ही का करायचा" हा तिथला सूर. आपल्याकडे हे वाक्य इतकं उघड कुणी म्हणत नाही, कारण आपल्याकडे त्या दवाखान्यात जाणारी बाई लग्नाची असते, लेकुरवाळी असते. तिच्या बाबतीत "मजा" हा शब्द कुणी काढत नाही. पण "कशाला एवढी पोरं" हे मात्र सगळे म्हणतात.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई लोकमान्यनगरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला राहतात. मुळच्या जालन्याकडच्या. नवरा गार्डच्या नोकरीत, आठवड्याला दिवसपाळी, रात्रपाळी बदलत असते. दोन मुली, एक मुलगा. मुलगा वर्षाचा व्हायच्या आत पुन्हा दिवस राहिले, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच घेतल्या. अंगावरून जाणं थांबेना. शेवटी रिक्षात घालून एका खासगी नर्सिंग होममध्ये नेलं आणि पिशवी साफ करावी लागली. भिशीचे पैसे आधी उचलले, एक मंगळसूत्राची वाटी गहाण गेली. हे सगळं त्यांनी मला नंतर, पोळ्या लाटता लाटता सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

मग ताई नसबंदीच्या ऑपरेशनसाठी एका आरोग्य केंद्रात गेल्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं, नवऱ्याची सही घेऊन ये. वास्तविक नसबंदीसाठी जोडीदाराची सही लागत नाही, सरकारच्याच नियमावलीत तसं आहे. पण हे ताईंना कुठून माहीत असणार? नवरा सही देईना. गावाकडून सासूचा फोन आला, एका मुलावर भरवसा ठेवून कसं चालेल. वर्ष तसंच गेलं. ऑपरेशन करणं ही जबाबदारी म्हणायची तर ती घ्यायला ही बाई स्वतःच्या पायानं चालत गेली होती आणि तिला परत पाठवलं गेलं.

पुढे वस्तीतल्या आशाताईंनी त्यांना सुईबद्दल सांगितलं. अंतरा. दर तीन महिन्यांनी एक गर्भनिरोधक इंजेक्शन, सरकारी केंद्रात मोफत. घरात कुणाला दाखवावं लागत नाही, रोज आठवण ठेवावी लागत नाही. त्याचं एक कार्ड मिळतं. ते मी हातात घेऊन बघितलं आहे. रेशनकार्डाच्या झेरॉक्ससोबत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलेलं. घडीवर कागद फाटायला आलेला, म्हणून मागून सेलोटेप. एका रकान्यात सुई घेतलेली तारीख, शेजारच्या रकान्यात पुढची, सिस्टरांच्या निळ्या पेनानं लिहिलेली. एका तारखेखाली ताईंनी स्वतः पेन्सिलीनं रेघ मारली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेव्हा गावाला लगीन हाय दीराचं. म्हून आधीच जाऊन विचारून आले, दोन हप्ते अलीकडं घेतली तर चालती का. चालती म्हनल्या सिस्टर."

सुरुवातीला पाळीचं चक्र पार बिघडलं. कधी पंधरा दिवस डाग, कधी दोन महिने काहीच नाही. शेजारणी म्हणायला लागल्या, रक्त आत साठतं, गाठ होते. ताई घाबरल्या, पण सुई सोडली नाही. पुन्हा केंद्रात गेल्या, सिस्टरांना विचारलं, या सुईनं असं होतं आणि त्यानं आत काही साठत नाही हे नीट समजून घेतलं आणि परत येऊन त्या शेजारणींनाही सांगितलं. केंद्राची वेळ सकाळची, ताईंची चार घरं सकाळचीच. त्यामुळे सुईच्या दिवशी दोन घरची कामं उशिरा होतात आणि एका घरी त्या दिवसाचे पैसे कापले जातात. "ताई, उद्या जरा उशीर होईल, तारीख हाय," एवढंच त्या सांगतात.

टॅक्स भरणाऱ्या माझ्या क्लायंटांना मला हेच सांगायचं असतं. ज्या बाईनं "आपली काळजी आपण घ्यावी" असं तुम्हाला वाटतं, ती घेते आहे. औषध सरकारचं असेल. धाडस, बुडालेली मजुरी, शेजारणींचे टोमणे, बिघडलेली पाळी, नवऱ्यापासून लपवलेलं कार्ड, हा सगळा खर्च तिचा एकटीचा आहे. आपला वाटा त्यात फार थोडा आहे.

सरकारनं पैसे देऊ नयेत, ज्याचं त्यानं बघावं, ही पद्धत आपल्याकडे करून बघितलेली आहे. 1921 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, देशातलं पहिलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि 1934 सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घर चाललं ते बरंचसं त्यांच्या पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर. एका माणसानं पदरमोड करून जेवढं करता येतं तेवढं कर्व्यांनी केलं, त्याहून जास्त कुणी करू शकलं नसतं. आणि तरी ते किती बायकांपर्यंत पोचलं असेल? गिरणीत काम करणाऱ्या बाईपर्यंत? शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर?

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी ठराव मांडला की सरकारनं जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलांना एकही पुरुष तयार झाला नसता, असा मुद्दा त्यात आहे. संयम पाळा म्हणजे झालं, या युक्तिवादाचाही त्यात समाचार आहे. ठराव पडला. गांधीजींचा भर आत्मसंयमावर होता, मार्गारेट सँगर 1935 साली वर्ध्याला जाऊन त्यांच्याशी बोलल्या तरी त्यांचं मत बदललं नाही. आज "आपली काळजी आपण घ्यावी" म्हणणारे नकळत त्याच युक्तिवादाशी येऊन थांबतात. मला गांधीजींबद्दल नितांत आदर आहे, पण या एका बाबतीत मी पूर्णपणे बाबासाहेबांच्या बाजूची आहे. संयम ठेवायचा की नाही हे ज्या घरात बाईला विचारलंच जात नाही, तिथे संयमाचा उपदेश कुणाला करायचा?

1952 साली भारतानं सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात सर्वांत आधी. 1968 पासून निरोध आला, वाण्याच्या आणि पानवाल्याच्या दुकानात, पंधरा पैशांना तीन. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर, सगळीकडे. इथवर सगळं चांगलं होतं.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी पुढे गेले तर ते अप्रामाणिक ठरेल. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या. शिक्षकांना कोटा, तलाठ्यांना कोटा, आणलेल्या माणसाला "केस" म्हणायचे. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर 1976 साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. ही सक्ती कुठून आली? "देशाच्या पैशांवर एवढी तोंडं पोसायची" या हिशेबातूनच आली. टॅक्स भरणाऱ्याची चीड आणि सरकारचा कोटा यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोन्हींत पैसे देणारा मोठा आणि घेणारी फक्त एक आकडा.

म्हणूनच "एका प्रसूतीपेक्षा गोळ्या स्वस्त पडतात" हा युक्तिवाद मी करत नाही. तो खरा आहे. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका बाळंतपणाचा, कमी वजनाच्या बाळाचा खर्च मांडला तर त्यापुढे सुईचा खर्च काहीच नाही. माझ्या क्लायंटांना तो चटकन पटेलही. पण एकदा का "स्वस्त पडते म्हणून सुई" असं ठरलं की पुढच्या वर्षी "सुईपेक्षा ऑपरेशन स्वस्त" असं कुणीतरी म्हणणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शिबिर भरवणार. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्यानंतर बायका मेल्या. सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. त्या बायकांच्या ऑपरेशनला पैसे आपलेच लागले होते. स्वस्तात झालं होतं सगळं.

आपल्या राज्यात आजही दोनपेक्षा जास्त मुलं असली तर नगरसेवकपदाची निवडणूक लढवता येत नाही, 2005 च्या नियमांनुसार सरकारी नोकरीही मिळत नाही. अनेकांना हे योग्य वाटतं. मला वाटत नाही. तिसरं मूल होऊ द्यायचं की नाही हे ज्या बाईच्या हातात नव्हतं, तिला त्या मुलाबद्दल अपात्र ठरवणं हा अन्याय आहे. आणि महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलांचं प्रमाण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 वर आलेलं आहे. बायकांनी आपलं काम केलेलं आहे.

पुरुषांचं काय? त्याच पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदीचा आकडा 0.3 टक्के आहे. हा आकडा मी जुलै महिन्यात तोंडपाठ ठेवते. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो, पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग एक तपासणी. सरकारी रुग्णालयात मोफत. कमजोरी येत नाही, पुरुषपणा जात नाही. तरी कुणी जात नाही. वैयक्तिक जबाबदारीबद्दल इतकं पोटतिडकीनं बोलणारे, माझ्या ऑफिसात आलेले बहुसंख्य लोक पुरुष असतात. त्यांना मी आता थेट विचारते, तुमच्या घरी ही जबाबदारी कुणी घेतली? उत्तर बहुतेक वेळा काकांच्या उत्तरासारखंच येतं. हिनं.

ताईंच्या नवऱ्याशी कुणीही, कधीही या विषयावर बोललेलं नाही. आशाताई बायकांशी बोलतात, सिस्टर बायकांशी बोलतात. त्याच्या कंपनीच्या गेटवर कुणी गेलं नाही, रात्रपाळी संपवून चहाच्या टपरीवर तो उभा असतो तिथे कुणी गेलं नाही. एकदा मी ताईंना विचारलं, तुम्ही त्यांना कधी सांगून बघितलंत का? "ते म्हन्तात, माझं ड्युटीचं काम, मला अशक्तपना आला तर घर कोन चालवंल." चार घरी उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईला तो हे सांगतो, आणि त्याला ते खरंच वाटत असतं, कारण वेगळं कुणी सांगितलेलंच नाही. माझ्या टॅक्सचे पैसे कुठे खर्च व्हावेत असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे सांगीन. पुरुषांशी बोलायला पगारी पुरुष कर्मचारी नेमा. कामाच्या ठिकाणी पाठवा, ड्युटी सुटायच्या वेळेला पाठवा.

बाकीच्या मागण्या महापालिकेच्या आरोग्य विभागाला द्यायच्या अर्जात लिहिल्या आहेत. केंद्रात दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत पाटी लावा की ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही. अंतराचा साठा संपला तर "पुढच्या आठवड्यात या" असं न सांगता जवळच्या कुठल्या केंद्रात मिळेल ते लिहून द्या. आठवड्यातून निदान दोन दिवस केंद्र संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवा. अर्जाखाली आमच्या इमारतीतल्या बायकांच्या सह्या आहेत आणि आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या बायकांच्याही आहेत. मसुदा ताईंना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी आणखी एक ओळ घालायला सांगितली. संध्याकाळी उघडलं तर बाहेर बाकं टाका, दिवसभर उभं राहून आल्यावर पुन्हा रांगेत उभं राहवत नाही.